सावरणारे हात आणि सातबाऱ्याचे माप

सोलापूर शहराच्या मधोमध सिद्धेश्वरांचा तलाव आहे. दर जानेवारीत गड्डा यात्रेला लाखो लोक येतात, तलावाकाठी फिरतात आणि घरी जातात. बाराव्या शतकातील शरण सिद्धराम यांनी हे तळे खोदवून घेतले, असे परंपरा सांगते. आम्हाला या वाक्यातील क्रियापदाबद्दल विचारायचे आहे. 'खोदवून घेतले' म्हणजे खोदले दुसऱ्यांनी. ते दुसरे कोण?

सीमेपलीकडे कर्नाटकात भोवी-वड्डर समाज सिद्धरामांना आपला गुरू मानतो आणि त्यांची जयंती साजरी करतो. माती उकरून आणि दगड फोडून जगणाऱ्या समाजाने तलाव बांधणाऱ्या शरणाशी नाते सांगावे, यात नवल नाही. पण सोलापुरात सिद्धरामांचे नाव उरले आणि पाट्या वाहणाऱ्यांपैकी एकाचेही उरले नाही.

हे फक्त बाराव्या शतकाचे दुखणे नाही. आपत्ती आली की हाच प्रकार पुन्हा होतो. दुष्काळ, भूकंप, महापूर, काहीही येवो, नंतर शहर आणि गाव सावरते. कोणी सावरले म्हणून सांगताना मंत्र्यांची, अधिकाऱ्यांची, देणगीदारांची आणि संस्थांची नावे येतात. पाया खोदणारे, खडी फोडणारे, भिंत उचलणारे हात कोणाचे होते, हे कोणी लिहीत नाही. त्यापुढचा प्रश्न तर कोणी विचारतच नाही: गाव उभे राहिल्यावर त्या हातांच्या वाट्याला किती फुटांचे घर आले?

या लेखात आम्हाला तोच प्रश्न विचारायचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे. आपत्तीनंतरची मदत आपल्याकडे माणसाच्या मापाने मोजली जात नाही, मालमत्तेच्या मापाने मोजली जाते. आणि मालमत्ता कोणाकडे असावी हे या देशात जातीने आधीच ठरवून ठेवले आहे. म्हणून मदत निःपक्षपाती दिसते आणि जात जशीच्या तशी पुन्हा बांधली जाते.

हे हात कोणाचे?

सोलापूर, उस्मानाबाद, लातूर या पट्ट्यात बांधकामाचे काम अनेक जातींनी केले. गवंडी होते, बेलदार होते, पाथरवट होते आणि सर्वांत कष्टाच्या टोकाला वडार होते. वडारांतही कामावरून नावे पडली. गाड्यावर दगड वाहून नेणारे गाडी वडार, मातीकाम करणारे माती वडार, जाती-पाटे घडवणारे जाते वडार. हातात सुतकी, पहार आणि घण. गावाची विहीर, गढीची भिंत, रेल्वेचा भराव, धरणाची पाळू, सगळीकडे हे लोक होते. गाव पुरे झाले की मात्र त्यांचे पाल गावाबाहेर.

ज्यांच्या हातांशिवाय देश उभा राहत नव्हता, त्यांच्यातल्या अनेक जातींना इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले. मुंबई इलाख्यातील एक मोठी सेटलमेंट सोलापुरातच होती. तारेचे कुंपण, रोजची हजेरी, आणि आतल्या माणसांचे श्रम गिरण्यांसाठी. गुन्हेगार म्हणून कोंडायचे आणि स्वस्त मजूर म्हणून वापरायचे, अशी ही व्यवस्था. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. वडार समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. गंमत बघा, सोलापूरपासून थोड्या अंतरावर कर्नाटकची हद्द लागते आणि तिथे हाच समाज भोवी या नावाने अनुसूचित जातींच्या यादीत येतो. माणूस तोच, दगड तोच, घण तोच. राज्याची सीमा ओलांडली की त्याचे संविधानिक संरक्षण बदलते.

आंबेडकरी चळवळीतल्या काही तरुणांना वाटते की विमुक्तांचा प्रश्न आपला नाही. त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. तिचे अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट हे याच गुन्हेगार वसाहतींच्या कारभारातले अधिकारी होते. त्या समितीवर बाबासाहेब सदस्य होते आणि डॉ. पी. जी. सोळंकीही होते. १९३० च्या तिच्या अहवालात अस्पृश्य, आदिवासी आणि भटक्या जमातींसह इतर मागास यांचा एकत्र विचार झाला. बाबासाहेबांच्या टेबलावर हे प्रश्न शेजारी शेजारी होते. ते वेगवेगळ्या कपाटांत आपण ठेवले.

दुष्काळात फोडलेली खडी

सोलापूर हा कायमचा दुष्काळी जिल्हा. इथली मोठी तळी आणि जुने रस्ते यांचा इतिहास म्हणजे उपाशी माणसांच्या श्रमाचा इतिहास आहे. शहराजवळ हिप्परग्याला १८७१ मध्ये पूर्ण झालेला एकरुख तलाव आहे. १८७६ च्या भीषण दुष्काळात मदतकाम म्हणून हाती घेतलेला आष्टीचा तलाव आहे. आज आपण त्यांना जलसंपत्ती म्हणतो. त्या काळात ती पोट भरण्याची शेवटची जागा होती.

त्या दुष्काळात सरकारने काय केले? सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या सुरुवातीला मदतकामावरच्या मजुराचे रोजचे धान्य एक पौंडापर्यंत, म्हणजे अर्ध्या किलोच्याही खाली आणले. दिवसभर खडी फोडायची आणि इतक्यावर जगायचे. मुंबई इलाख्यातील मजुरांनी याविरुद्ध काम बंद केले, छावण्या सोडल्या. उपाशी माणसे संपावर गेली! आपल्या शाळेच्या पुस्तकात या संपाला किती ओळी मिळाल्या, ते आठवून बघा. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मजुरांची बाजू सरकारपुढे मांडली, हे खरे. पण संप करण्याचे धाडस आणि त्याची किंमत मजुरांची होती. त्याच वर्षी, १८७७ मध्ये, महात्मा फुले आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी छावणी उघडली. एका बाजूला अर्ध्या किलोचा हिशेब करणारे सरकार होते. दुसऱ्या बाजूला जात न विचारता मुलांना जेवू घालणारे सत्यशोधक होते.

पुढचा टप्पा १९७२ चा. ज्यांच्या घरात आजी-आजोबा आहेत त्यांनी त्यांना विचारावे. लाल मिलो, सुकडी आणि खडी, हे तीन शब्द ऐकले की त्या पिढीचे चेहरे बदलतात. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर जवळपास ५० लाख माणसे मदतकामांवर होती. बायका मोठ्या संख्येने होत्या. सोलापूर जिल्हा त्यात अग्रभागी होता. दगड फोडण्याचे जे काम पिढ्यान्‌पिढ्या वडारांवर लादलेले होते, ते त्या वर्षी महार, मांग, धनगर, मराठा, सगळ्यांनी केले. भुकेने काही काळ जातीची कामे एकत्र केली.

त्या खडीतून एक हक्क निघाला. रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून त्यासाठी पैसा उभारला गेला. काम मागितले तर सरकारने दिलेच पाहिजे, हे तत्त्व देशाने इथून घेतले. १८७७ मध्ये मजूर टेंपलच्या दयेवर होता. शंभर वर्षांनी तो निदान कागदावर हक्कदार झाला. हा फरक आम्ही छोटा मानत नाही. दान आणि हक्क यांत माणसाच्या कण्याचा फरक असतो.

किल्लारी: पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची जमीन हादरली. सोलापूरकरही घराबाहेर धावले. सोलापूर-हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग, उमरगा ओलांडून आत गेले की सास्तूर, किल्लारी ही गावे येतात. तिथे मातीच्या ढिगाऱ्यांशिवाय काही उरले नव्हते. जवळपास ८ हजार माणसे गेली.

इतकी माणसे मेली कशाने? भूकंप फार मोठा नव्हता. रिश्टर मापकावर सहाच्या थोडा वर. इतक्या भूकंपात अनेक देशांत मोजकीच माणसे दगावतात. इथे माणसे भिंतींनी आणि छपरांनी मारली. ओबडधोबड दगड मातीत रचून दोन-तीन फूट जाडीच्या भिंती उभ्या केलेल्या. भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग वेगवेगळे, मध्ये बारीक दगड-मातीची भर. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाही. वर माळवद, आणि गळती थांबवायला त्यावर वर्षानुवर्षे चढवलेले मातीचे थर. जमीन हलली, भिंतीची दोन्ही अंगे सुटली आणि माळवदाची सगळी माती झोपलेल्यांवर आली.

यात एक कडवट उलटापालट झाली. ज्यांच्याकडे जाड भिंतींचा वाडा होता, ते जास्त संकटात सापडले. कुडाच्या भिंती आणि पाचटाचे किंवा पत्र्याचे छप्पर असलेली हलकी घरे तुलनेने कमी घातक ठरली. ज्याला आयुष्यभर पक्के घर मिळाले नव्हते, त्याला काही ठिकाणी त्या गरिबीनेच वाचवले. आम्ही हे समाधानाने लिहीत नाही. ढिगाऱ्याखाली गेलेली सगळी माणसे आमचीच होती. पण मृत्यूने जात-वर्ग विचारला नाही, असे जे सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. मृत्यूने विचारले नसेल, पुनर्वसनाने मात्र विचारले.

कसे, ते बघू. जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरांचे आकार तीन ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबाला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टर जमीन असलेल्याला ४०० चौरस फूट. सात हेक्टरांहून जास्त जमीन असलेल्याला ७५० चौरस फूट.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. घराचे माप कुटुंबातल्या माणसांवरून ठरले नाही. किती जण मेले, किती जखमी झाले, किती म्हातारे आणि किती लेकरे उरली, यावरूनही ठरले नाही. ठरले ते सातबाऱ्यावरून. भूमिहीन मजुराच्या आठ माणसांच्या कुटुंबाला २५० आणि जमीनदाराच्या चार माणसांच्या कुटुंबाला ७५०. एकास तीन.

आता मराठवाड्यात सातबारा कोणाच्या नावावर होता? दलितांना जमीन मिळावी म्हणून १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो लोक तुरुंगात गेले. गायरान कसून जगणाऱ्या आपल्या माणसांची अतिक्रमणे कायम करण्याचा सरकारी निर्णय यायला १९९१ उजाडले, आणि गावोगाव त्याची अंमलबजावणी आजही रखडलेली आहे. म्हणजे बाप-आजाने जी जमीन कसली ती कागदावर नाही. कागदावर नाही म्हणून आपण भूमिहीन. भूमिहीन म्हणून आपले घर २५० फुटांचे. जातीने आधी जमीन नाकारली, मग सरकारने त्याच नकाराला पात्रतेचा निकष केले. कोणत्याही आदेशात जातीचा उल्लेख नव्हता. त्याची गरजच नव्हती.

नव्या गावांचे नकाशे बघितले तर अनेक ठिकाणी एकाच आकाराची घरे एकत्र बसवलेली दिसतात. म्हणजे मोठ्या घरांची आळी एकीकडे, लहान घरांची दुसरीकडे. जुन्या गावात जे गावकूस होते, ते नव्या गावात इंजिनिअरच्या पट्टीने आखले गेले. आणि हे घडत होते कधी? १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याच काळात. एका नावासाठी १९७८ पासून ज्या मराठवाड्यात आपली घरे जाळली गेली, त्याच मराठवाड्यात आता आपल्या घरांचे माप ठरत होते. नावाची लढाई आपण रस्त्यावर लढलो. मापाची लढाई आपल्या नजरेतून निसटली. ही आपली चूक आपण मान्य केली पाहिजे.

आणि ही घरे बांधली कोणी? ५२ गावे हवेतून उतरली नाहीत. त्याशिवाय इतर गावांत हजारो घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. त्यासाठी गावोगावच्या गवंड्यांना आरपार दगड कसा घालायचा, भिंतीला पट्टा कसा द्यायचा, याचे प्रशिक्षण दिले गेले. ढिगारे उपसण्यापासून पाया खोदण्यापर्यंतचे काम मजुरांनी केले. ७५० फुटांचे घर बांधणारा मजूर संध्याकाळी २५० फुटांच्या घरात परतला. बांधकामावर बाहेरून आलेला मजूर तर कोणत्याच यादीत नव्हता.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप: शेतकऱ्याला धान्य, अवजारे, जनावरे ठेवायला जागा लागते, म्हणून त्याचे घर मोठे. ठीक आहे. मग जनावरांसाठी गोठा द्या, धान्यासाठी कोठार द्या, त्याचे वेगळे माप ठरवा. माणसे झोपण्याच्या जागेचे माप जमिनीवरून का? बैलाला जागा लागते हे ज्या व्यवस्थेला कळते, तिला मजुराच्या लेकीला अभ्यासाला कोपरा लागतो हे का कळू नये?

दुसरा आक्षेप: भूमिहीनाला पक्के घर मिळाले हेच केवढे मोठे. पूर्वी त्याच्याकडे काय होते? यात तथ्य आहे. अनेक दलित कुटुंबांना पहिल्यांदाच सिमेंटचे, स्वतःच्या नावाचे, रस्त्याला लागून असलेले घर मिळाले. आम्ही ते नाकारत नाही. पण 'पूर्वी काय होते' हा निकष लावला तर पूर्वीची विषमता हीच कायमची मोजपट्टी होते. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी याच विसंगतीचा इशारा दिला होता. राजकारणात प्रत्येकाचे मत समान मूल्याचे आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र माणसाचे मूल्य असमान, हे किती काळ चालणार, असे त्यांनी विचारले. किल्लारीत प्रत्येकाचे मत एकच होते. घर मात्र एक, दीडपटीहून थोडे जास्त किंवा तीन पट होते.

हे फक्त आपल्याकडे नाही

२००५ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर कॅटरिना या चक्रीवादळाने बुडाले. पुनर्बांधणीसाठी तिथल्या राज्याने 'रोड होम' योजना आणली. मदत ठरवताना घराची वादळापूर्वीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांपैकी जे कमी असेल ते धरले. काळ्या लोकांच्या वस्त्यांत घरांच्या किमती वंशभेदामुळे आधीच पडलेल्या. म्हणजे तेवढेच नुकसान, तेवढाच खर्च, पण काळ्या कुटुंबाच्या हाती रक्कम कमी. त्यांनी न्यायालयात दावा लावला आणि २०११ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली. सातबाऱ्याच्या जागी तिथे बाजारभाव होता, एवढाच फरक. आणखी एक गोष्ट. वादळानंतर दोनच आठवड्यांच्या आत बुश सरकारने पुनर्बांधणीच्या कामांवरचा प्रचलित मजुरी देण्याचा कायदा त्या भागापुरता स्थगित केला. टीका झाल्यावर दोन महिन्यांनी तो परत लागू करावा लागला. शहर सावरायचे, पण सावरणाऱ्याची मजुरी कापून! टेंपल साहेब मेले नव्हते तर.

आपल्याच देशात २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत कुजलेली प्रेते उचलायला इतर गावांतून सफाई कामगार आणले गेले. ते बहुतेक दलित होते. त्यांना गौरवाची भाषणे मिळाली, संरक्षणाची साधने पुरेशी मिळाली नाहीत. आपत्तीत कोणते काम कोणी करायचे, हे आपल्याकडे आधीच ठरलेले असते.

आणि १९३४ चा बिहारचा भूकंप आठवा. गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची दैवी शिक्षा असल्याचे सांगितले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला, कारण नैसर्गिक घटनेला नैतिक कारण चिकटवणे हे अविवेकाला खतपाणी घालणे होते. आम्ही त्यात एवढीच भर घालतो: ज्यांच्यावर पाप झाले, ती माणसेही त्याच ढिगाऱ्याखाली होती. ही कुठली शिक्षा?

बाबासाहेबांनी दाखवलेली वाट

आपत्तीकडे कसे बघायचे, याचा धडा बाबासाहेबांच्या कामात आहे. १९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला, रेल्वेमार्ग वाहून गेले, कलकत्त्याचा संपर्क तुटला. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांनी पुराला कोप मानले नाही आणि मदतफेरीही काढली नाही. १९४५ मध्ये बंगाल आणि बिहार सरकारांच्या परिषदा घेतल्या, संपूर्ण खोऱ्याचा एकत्रित आराखडा मांडला. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार केला. पुढे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले.

याच खात्याकडे केंद्राचे सार्वजनिक बांधकामही होते. म्हणजे सरकारी इमारती बांधणारा मजूर आणि त्याची मजुरी, दोन्ही बाबासाहेबांच्या कक्षेत होती. पूर आणि मजूर हे त्यांच्या दृष्टीने एकाच नियोजनाचे विषय होते. आपण मात्र त्यांचे हे काम 'पाणी' आणि 'कामगार' अशा दोन भाषणांत तोडून सांगतो.

आज सोलापुरात

आता सोलापूरकडे परत येऊ. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेला महापूर आला. माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत शेती आणि घरे पाण्याखाली गेली. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि त्याला भरपाई मिळालीच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ती मोजली गेली हेक्टरी. त्याच शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईचा बुडालेला रोज, वीटभट्टीवरचे थांबलेले काम, ही मोजण्याची तशी ठळक पद्धत नाही. १९९३ ची सातबाऱ्याची पट्टी आजही तलाठ्याच्या दप्तरात आहे.

पण याच सोलापुरात वेगळे मापही दिसते. शहराबाहेर कुंभारीला आधी विडी कामगार बायकांनी संघटनेच्या बळावर १० हजार घरांची वसाहत उभारून घेतली. मग असंघटित कामगारांसाठी रे नगर हा ३० हजार घरांचा प्रकल्प झाला. त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. विडी वळणारी, यंत्रमागावर राबणारा, बांधकामावर विटा वाहणारा, सर्वांना एकाच मापाचे घर. झेंडा लाल होता, नेतृत्व डाव्यांचे होते. त्यांच्याशी आपले मतभेद आहेत आणि राहतील. पण वर्षानुवर्षे मोर्चे काढून, कागदपत्रांचा पाठपुरावा करून घर हा हक्क म्हणून मिळवता येतो, हे सोलापूरच्या कामगार बायकांनी सिद्ध केले. त्यापासून शिकायला आपल्याला कमीपणा वाटू नये.

बांधकाम मजुरांसाठी केंद्राने १९९६ मध्ये कायदा केला. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो. महाराष्ट्रात २०११ पासून त्यासाठी कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या आणि वर्षात ९० दिवस काम केलेल्या मजुराला नोंदणी करता येते. पण पहाटे मजूर अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्याचा मालक रोज बदलतो. ९० दिवसांचा दाखला त्याला कोण देणार? कोट्यवधींचा उपकर जमा होतो आणि ज्याच्या नावाने जमा होतो तो दाखल्यासाठी हेलपाटे घालतो.

म्हणून कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या वर्गणीतून आणि मिरवणुकीतून थोडा वेळ काढून चार कामे करू.

एक. प्रत्येक वस्तीत बांधकाम मजुरांची यादी करू. महार, मांग, वडार, कैकाडी, लमाण, मुस्लिम, सगळ्यांची. अड्ड्यावर जाऊन नोंदणीचे अर्ज भरून घेऊ.

दोन. आपत्तीनंतरच्या पंचनाम्यात बुडालेल्या मजुरीचा रकाना हवा आणि घराचे माप कुटुंबातल्या माणसांवरून ठरावे, ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांपासून विधानसभेपर्यंत नेऊ.

तीन. गायरानाची प्रकरणे नव्याने उघडू. पुढच्या आपत्तीत सातबाराच विचारला जाणार असेल, तर तो आधी नावावर करून घ्यावा लागेल.

चार. १९७२ च्या खडीकामावर गेलेल्या आणि किल्लारीत भिंती उचललेल्या आपल्या माणसांच्या आठवणी त्यांच्या हयातीत लिहून घेऊ. सिद्धेश्वर तलाव खोदणाऱ्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत. निदान यांची तरी हरवू नयेत.

पुढची आपत्ती कधी येईल हे कोणाला सांगता येत नाही. पण ती आल्यावर ढिगारा कोण उपसणार, हे आपल्याला आजच माहीत आहे. त्या हातांना नंतर किती फुटांचे घर मिळेल, हे मात्र आपण आज किती संघटित होतो यावर ठरेल.

जय भीम!